मागं मागं चालत

ऑगस्टचा दुसरा रविवार.
वर्षात या एकाच दिवशी आमच्या ऊपेसकाल्नला गाड्यांची कोंडी होते,
तीही दफनभूमीच्या फाटकाशी.
शाळा बंद पडून अकरा वर्षं झाली,
दुकान दर गुरुवारी चाकांवरून येतं,
जिवंत माणसं मोजायला हातापायांची बोटं पुरतात.
पण पाईनखाली आज गाव भरलंय,
घराणं घराणं आपापल्या बाकावर.

मी शुक्रवारी रात्री आले आयर्लंडहून,
केसांत अजून अळंब्यांच्या शेडचा ओला वास.
शनिवारी इल्गामावशीनं पेटीचं कुलूप काढून दंताळं हातात दिलं.
"वाळू ओढायची ती मागं मागं चालत.
आपलं पाऊल आपणच पुसत बाहेर यायचं."
दरवर्षी सांगते.
दरवर्षी मी पुढं तोंड करून सुरुवात करते
आणि ती च्च करते.

पांढऱ्या वाळूत फरच्या डहाळीसारखी नक्षी:
पणजी लीना, आजोबा याझेप्स,
मधे हातभर जागा डार्टाची.
दगडावर नाव आहे तिचं, खाली ती नाही.
एकोणपन्नासच्या मार्चमध्ये गुरांच्या डब्यातून दोघी बहिणींना नेलं.
इल्गा परत आली.
डार्टा नऊ वर्षांची होती, ओम्स्कच्या पुढं कुठंतरी
अजून नऊ वर्षांचीच आहे.

शेजारची कबर रूडोल्फ्स व्हानाग्सची.
दूधकेंद्रातला कारकून.
यादी त्याच्या अक्षरात होती म्हणतात,
आणि अक्षर फार सुंदर होतं, असंही म्हणतात.
मूलबाळ नाही, बाक नाही.
तरी दर रविवारी या दिवशी त्याची वाळू ओढलेली दिसायची,
हुबेहूब आमच्यासारखी डहाळी.
मला वाटायचं, चर्चचा माणूस करत असेल.

यंदा मावशीचे गुडघे गेले.
बाकावर बसून काठीनंच तिनं माझ्याकडून सगळं करून घेतलं.
आमचं संपलं, आणि काठीचं टोक
शेजारी वळलं.
वर्षभराच्या पाईनच्या सुया, बिअरचं एक झाकण.

"तेवढंही घे."
"त्याचं?"
"वाळू आहे ती. वाळूला काय कळतंय."

मी घेतलं. मागं मागं.
माझा क्रिस्टर्स झारी भरून आला,
नऊ वर्षांचा, लाटव्हियन बोलतो ते शब्द चाचपत.
"हा आपला कोण?"
मावशी थर्मासचं झाकण फिरवत राहिली,
आटे चुकले, पुन्हा फिरवलं.
"शेजारी," म्हणाली.

पाद्रीबाबा पाच गावं सांभाळतात, चाळीस मिनिटं उशिरा आले
धुळीनं माखलेल्या स्कोडातून.
बँडमध्ये तिघं, त्यातला एक जावई आहे म्हणून.
एरवी इथं एकमेकांना नावं ठेवण्यात उन्हाळा सरतो,
आज नुसती नावं घेतात.
आडनाव पुकारलं की ते घराणं उभं राहतं:
ओझोल्स, सतरा जण, एक पोटात.
ब्रियेडिस, दोघी म्हाताऱ्या, एकमेकींना धरून.
व्हानाग्स.
कुणीतरी खोकलं.
मावशीची बोटं काठीवर पांढरी झाली. ती उठली नाही.
तिला उठताच येत नाही,
येत असतं तर उठली असती का,
ते मी विचारलं नाही.

मग घरी: मनुके घातलेला मोठा वळणदार केक,
धुरावलेला मासा, कुणी कुठलं रान कितीला विकलं,
आणि फोटोतला तिसरा मुलगा कोण यावरून भांडण.
मावशीनं दोन तुकडे केक खाल्ला. कधी नव्हे ते
क्रिस्टर्सला डार्टाची एक गोष्ट सांगितली,
बदकाची होती, हसायची होती.

सोमवारी पहाटे विमानासाठी निघताना
फाटकाशी गाडी थांबवली.
रात्री ससा येऊन गेला होता.
आमच्या डहाळीतून त्याच्या डहाळीत, तिथून पुन्हा आमच्यात,
बारीक पावलं, पुढं तोंड करून.
दंताळं कुलपात होतं,
किल्ली मावशीच्या उशाशी.